ग्राफिक्स कार्ड : किंमत व किफायत

ग्राफिक्स कार्ड : वैयक्तिक संगणकाच्या मदरबोर्डावर बसविण्यात येणारा व पडद्यावरील चित्र तयार करण्याचे काम मुख्य प्रोसेसरकडून स्वतःकडे घेणारा विद्युत् मंडलांचा फलक. चित्राची गणना करणारी चिप, चित्राची माहिती साठविणारी स्वतंत्र स्मृती म्हणजे मेमरी, विद्युत् पुरवठ्याचे नियंत्रण करणारे घटक आणि उष्णता बाहेर टाकणारे पंखे व धातूच्या पाती हे त्याचे प्रमुख भाग होत. पत्रव्यवहार, हिशेब किंवा चित्रपट पाहणे यांसाठी असा वेगळा फलक लागत नाही. बहुतेक प्रोसेसरांतच अंतर्भूत असलेली चित्रणाची सोय तेवढ्यास पुरते. खेळांची गोष्ट वेगळी आहे. खेळातील दृश्य खेळणाऱ्याच्या प्रत्येक कृतीनुसार बदलत असल्याने ते आगाऊ तयार ठेवता येत नाही. सेकंदाला ३०, ६० किंवा त्याहूनही अधिक वेळा ते नव्याने काढावे लागते. त्यामुळे खेळांसाठी जुळविलेल्या संगणकात ग्राफिक्स कार्ड हा बहुधा सर्वांत महाग सुटा भाग असतो आणि कोणते कार्ड दिलेल्या पैशाचे पुरेपूर मोल देते, हा प्रश्न ग्राहकापुढे प्रथमपासूनच उभा राहिलेला आहे.

किफायत हा कार्डाचा अंगभूत गुण नव्हे. एकच कार्ड एका वर्षी स्वस्त व मस्त आणि पुढच्या वर्षी अव्वाच्या सव्वा महाग ठरल्याची उदाहरणे आहेत. एकाच नावाची दोन कार्डे निरनिराळ्या कुवतीची असल्याचीही आहेत. चिप कोणती, स्मृती किती आणि खरेदीची वेळ कोणती या तीन गोष्टींवरून किफायत ठरत आली आहे. खोक्यावरील नाव व क्रमांक यांवरून ती क्वचितच कळते, असे या कार्डांच्या इतिहासावरून दिसून येते.

पूर्वपीठिका : आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यासाठी दोन प्रकारची कार्डे मिळत असत. एकरंगी कार्डावर अक्षरे रेखीव दिसत, परंतु चित्रे काढता येत नसत. रंगीत कार्डावर १६ किलोबाइट स्मृती असे व ३२० × २०० बिंदूंच्या चित्रात एका वेळी ४ रंग दाखविता येत. त्यावरील अक्षरे मात्र भरड दिसत. १९८२ मध्ये आलेल्या हर्क्युलीस कार्डाने एकरंगी पडद्यावर रेखीव अक्षरे आणि ७२० × ३४८ बिंदूंची चित्रे या दोन्हींची सोय केली. थाई लिपीतील मजकूर संगणकावर लिहिता यावा, या गरजेतून ते जन्माला आले होते. भारतातही कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेल्या व पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने (स्थापना १९८८) वाढविलेल्या ‘जिस्ट’ तंत्राचे कार्ड संगणकात बसवून देवनागरीसह अनेक भारतीय लिप्या पडद्यावर उमटविता येत. अशा रीतीने आरंभीच्या काळात कार्डाची निवड वेगापेक्षा अक्षरे व रंग यांच्या गरजेवरून होत असे.

आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या व्हीजीए प्रमाणात ६४० × ४८० बिंदूंचे १६ रंगी किंवा ३२० × २०० बिंदूंचे २५६ रंगी चित्र दाखविता येई. अनेक कंपन्यांनी हे प्रमाण उचलले, कार्डांमधील फरक कमी झाला व किंमती उतरल्या. १९९३ मधील ‘डूम’ या गाजलेल्या खेळातही दृश्याची सर्व गणना मुख्य प्रोसेसरच करीत असे. कार्डाचे काम तयार चित्र पडद्यावर पोहोचविण्यापुरते मर्यादित होते. म्हणून त्या काळी खेळणाऱ्याने कार्डापेक्षा प्रोसेसरवर पैसे खर्च करणे अधिक हिताचे असे.

त्रिमितीय चित्रणाचा काळ : ही स्थिती १९९६ मध्ये पालटली. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीत काम केलेल्या अभियंत्यांनी १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापिलेल्या थ्रीडीएफएक्स या कंपनीने त्रिमितीय दृश्ये रेखाटणारी ‘व्हूडू’ ही चिप तयार केली. प्रारंभी तिचा रोख नाणी टाकून खेळावयाच्या यंत्रांकडे होता. पण १९९६ मध्ये स्मृतीच्या चिपांचे भाव कोसळले आणि ४ मेगॅबाइट स्मृतीचे घरगुती कार्ड सु. ३०० डॉलरांत विकणे शक्य झाले. हे कार्ड केवळ त्रिमितीय चित्रण करी. नेहमीच्या कामासाठी संगणकात दुसरे साधे कार्ड ठेवावेच लागे. तरीही ‘क्वेक’ (१९९६) या खेळाची कार्डांसाठी केलेली आवृत्ती १९९७ मध्ये आली, तेव्हा दृश्यातील सफाई व वेग पाहून ग्राहकांनी हा दुहेरी खर्च सोसला.

याच काळात एनव्हिडिया (स्थापना १९९३) या कंपनीने दोन्ही कामे एकाच कार्डावर आणली. तिची रिव्हा १२८ ही चिप १९९७ मध्ये, तर वस्तूंचे स्थान व प्रकाश यांची गणनाही स्वतः करणारी जीफोर्स २५६ ही चिप १९९९ मध्ये आली. थ्रीडीएफएक्सने मात्र एक कार्ड-उत्पादक कंपनी विकत घेऊन स्वतःच कार्डे बनविण्याचा मार्ग धरला व त्यापायी आपल्या चिपा घेणारे जुने भागीदार दुरावून घेतले. डिसेंबर २००० मध्ये तिची मालमत्ता एनव्हिडियाने घेण्याचे जाहीर झाले. ज्यांनी नुकतीच व्हूडू कार्डे घेतली होती, त्यांच्यासाठी नव्या खेळांना जुळतील अशी ड्रायव्हर आज्ञावली अधिकृतपणे पुढे निघाली नाही. कार्डाचे आयुष्य केवळ त्याच्या चिपवर अवलंबून नसून ड्रायव्हरची देखभाल किती काळ होते यावरही असते, हे ग्राहकांना या घटनेने प्रथम ठळकपणे दाखविले.

मधल्या श्रेणीचे महत्त्व : किफायतशीर कार्डे वारंवार मधल्या श्रेणीत का आढळतात, याचे कारण चिपनिर्मितीत आहे. सिलिकॉनच्या एका गोल चकतीवर अनेक चिपा एकदम घडविल्या जातात. चिप जितकी मोठी, तितक्या चकतीवर त्या कमी मावतात आणि प्रत्येकीत दोष राहण्याचा संभवही वाढतो. त्यामुळे आकार दुप्पट केल्यास खर्च दुपटीहून अधिक होतो. ज्या चिपेतील काही भाग सदोष निघतो, ती टाकून न देता तेवढा भाग बंद करून ती खालच्या क्रमांकाच्या कार्डावर वापरतात. शिवाय सर्वांत वरचे कार्ड घेणारा ग्राहक पैशाची फिकीर करीत नाही, हे ओळखून त्याची किंमत ठरविली जाते. अगदी खालच्या कार्डातही फलक, पंखा, वेष्टन व वाहतूक यांचा खर्च चुकत नाही. म्हणजे तेथे चिप व स्मृती यांवर किंमतीचा लहान हिस्साच खर्च होतो. या दोन टोकांच्या मध्ये किंमतीच्या मानाने सर्वाधिक काम मिळते.

याची काही उदाहरणे प्रसिद्ध आहेत. २००२ मधील जीफोर्स ४ टीआय ४२०० या कार्डावर ३९९ डॉलर किंमतीच्या टीआय ४६०० कार्डावरचीच चिप कमी वेगाने चालविलेली असे. त्याच्या ६४ व १२८ मेगॅबाइट आवृत्त्या अनुक्रमे १७९ व १९९ डॉलरांना जाहीर झाल्या होत्या. त्याच सुमारास कॅनडातील एटीआय कंपनीच्या रेडिऑन ९५०० कार्डांपैकी काहींमधील बंद ठेवलेला भाग हौशी ग्राहक आज्ञावलीच्या साह्याने चालू करून त्यांपासून ९७०० इतके काम घेत. असे करणे यशस्वी होईलच याची खात्री मात्र नसे. ऑक्टोबर २००७ मधील जीफोर्स ८८०० जीटी या कार्डाने वर्षभरापूर्वी ५९९ डॉलरांना निघालेल्या ८८०० जीटीएक्सच्या बऱ्याच जवळचा वेग १९९ ते २४९ डॉलर या जाहीर किंमतीत देऊ केला. जून २००८ मध्ये एएमडीने (या कंपनीने २००६ मध्ये एटीआय विकत घेतली होती) रेडिऑन एचडी ४८५० हे कार्ड १९९ डॉलरांना आणले. त्याचा व त्याच्या वरच्या एचडी ४८७० कार्डाचा परिणाम असा झाला की, एनव्हिडियाला काही आठवड्यांतच जीटीएक्स २८० ची किंमत ६४९ वरून ४९९ डॉलर व जीटीएक्स २६० ची ३९९ वरून २९९ डॉलर करावी लागली. ग्राहकाचा खरा लाभ चांगल्या चिपेइतकाच चुरशीच्या स्पर्धेतून झाला, हे येथे लक्षात येते.

नावे व वस्तुस्थिती : कार्डांचे क्रमांक ग्राहकास श्रेणी कळावी म्हणून दिले जातात, ते दिशाभूलही करू शकतात. २००२ मधील जीफोर्स ४ एमएक्स या कार्डांच्या नावात ४ हा अंक असला, तरी त्यांची रचना जीफोर्स २ च्या वळणाची होती आणि जीफोर्स ३ मध्ये आलेली, प्रत्येक बिंदूचे रंगकाम आज्ञावलीने ठरविण्याची सोय त्यांत नव्हती. पुढे ती सोय आवश्यक मानणारे खेळ या कार्डांवर चालेनासे झाले. ८८०० जीटी हेच कार्ड २००८ मध्ये ९८०० जीटी या नावाने पुन्हा विक्रीस आले. २०१४ मधील जीटीएक्स ९७० वर ४ गिगॅबाइट स्मृती असल्याचे जाहीर केले होते. तथापि तिच्यातील अखेरचा अर्धा गिगॅबाइट भाग संथ गतीचा असल्याचे पुढे उघड झाले व २०१६ मध्ये अमेरिकेतील ग्राहकांना प्रत्येकी ३० डॉलर देण्याची तडजोड करण्यात आली. २०१६ मधील जीटीएक्स १०६० च्या ६ गिगॅबाइट आवृत्तीत १,२८० गणन-एकक होते. ३ गिगॅबाइट आवृत्तीत ते १,१५२ होते, म्हणजे फरक केवळ स्मृतीचा नव्हता. नाव मात्र तेच. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०८० या एकाच नावाने दोन निरनिराळ्या चिपांची कार्डे जाहीर झाली. टीका झाल्यावर १२ गिगॅबाइटचे कार्ड मागे घेण्यात आले आणि जानेवारी २०२३ मध्ये तेच आरटीएक्स ४०७० टीआय या नावाने आले.

मोजमाप : कार्डाचा वेग सेकंदाला किती फ्रेम म्हणजे किती पूर्ण चित्रे काढली जातात यावरून मोजण्याची पद्धत ‘डूम’ व ‘क्वेक’ यांच्या काळात रूढ झाली. सरासरीने मात्र सारे चित्र स्पष्ट होत नाही. सेकंदाला ६० फ्रेम याचा अर्थ प्रत्येक फ्रेमला सु. १६·७ मिलिसेकंद असा होतो. त्यांपैकी काही फ्रेमना १०० मिलिसेकंद लागले, तर सरासरी चांगली असूनही खेळ अडखळतो. अमेरिकेतील ‘टेक रिपोर्ट’ या संकेतस्थळाने २०११ मध्ये प्रत्येक फ्रेमला लागणारा वेळ तपासण्याचा आग्रह धरला आणि त्यानंतर सरासरीबरोबर सर्वांत संथ १ टक्का फ्रेमची गती देण्याचा प्रघात परीक्षकांत पडला.

किंमतीला फ्रेमसंख्येने भागून किफायत काढण्याची रीत सोपी आहे. पण ती कशाला लावावयाची याचा विचार करावा लागतो. समजा, २०,००० रुपयांचे एक कार्ड सेकंदाला ६० फ्रेम आणि ३०,००० रुपयांचे दुसरे ८० फ्रेम देते. केवळ कार्डाचा हिशेब केल्यास पहिल्याचा फ्रेममागे खर्च सु. ३३३ रुपये व दुसऱ्याचा ३७५ रुपये येतो; म्हणजे पहिले किफायतशीर. परंतु संगणक नव्यानेच घ्यावयाचा असून इतर भागांना ४०,००० रुपये लागणार असतील, तर पहिल्याचा एकूण खर्च ६०,००० व दुसऱ्याचा ७०,००० रुपये होतो आणि फ्रेममागील खर्च अनुक्रमे १,००० व ८७५ रुपये येतो. म्हणजे निष्कर्ष उलटतो. शिवाय पडदाच सेकंदाला ६० वेळा बदलणारा असेल, तर ८० फ्रेमचा फायदा डोळ्यांना फारसा दिसत नाही. तेव्हा किफायत कार्डाची नसून त्या ग्राहकाच्या संपूर्ण संगणकाची काढावी लागते.

मागणीतील उलथापालथ : २०१६ मध्ये एएमडीचे आरएक्स ४८० (४ गिगॅबाइट १९९ डॉलर, ८ गिगॅबाइट २३९ डॉलर) आणि एनव्हिडियाचे जीटीएक्स १०६० (६ गिगॅबाइट २४९ डॉलर) ही मधल्या श्रेणीची कार्डे आली. त्यांपैकी जीटीएक्स १०६० हे ‘स्टीम’ या खेळविक्री सेवेच्या पाहणीत काही वर्षे सर्वाधिक वापराचे कार्ड होते. परंतु ईथर या आभासी चलनाची निर्मिती ग्राफिक्स कार्डांवर करता येत असल्याने २०१७ मध्ये खेळाशी संबंध नसलेले ग्राहक बाजारात उतरले. ज्या कार्डांत किंमतीच्या मानाने अधिक काम मिळे, नेमकी तीच त्यांनी उचलली. २०१८ मध्ये चलनाचे भाव पडल्यावर ही मागणी ओसरली. पण २०२०–२१ मध्ये चिपांची टंचाई, महासाथीच्या काळातील घरबैठी मागणी व आभासी चलनाची नवी तेजी एकत्र आल्या. सप्टेंबर २०२० मध्ये ६९९ डॉलरांना जाहीर झालेले आरटीएक्स ३०८० त्या किंमतीस मिळणे दुरापास्त झाले. फेब्रुवारी २०२१ मधील आरटीएक्स ३०६० मध्ये चलननिर्मितीचा वेग मुद्दाम कमी करण्यात आला होता. १५ सप्टेंबर २०२२ रोजी ईथरच्या व्यवहारपद्धतीत बदल होऊन कार्डांची गरजच संपली आणि वापरलेली कार्डे मोठ्या संख्येने विक्रीस आली. जाहीर किंमत व प्रत्यक्ष किंमत यांत महदंतर पडू शकते, ही या वर्षांची शिकवण होय.

स्मृतीचा प्रश्न : २०१६ मध्ये २३९ डॉलरांच्या कार्डावर ८ गिगॅबाइट स्मृती होती; २०२३ मध्ये २९९ डॉलरांना आलेल्या आरटीएक्स ४०६० वरही तेवढीच होती. या अवधीत खेळांतील पृष्ठचित्रे बरीच मोठी झाली. स्मृती अपुरी पडल्यास कार्डाची चिप समर्थ असूनही खेळ अडखळतो किंवा भिंती, वस्त्रे, झाडे धूसर दिसतात. ही उणीव कार्ड नवीन असता जाणवत नाही, दोन-तीन वर्षांनी जाणवते. आणि ग्राफिक्स कार्डावरील स्मृती मागाहून वाढविता येत नाही. २०२५ मध्ये आरटीएक्स ५०६० टीआय ८ व १६ गिगॅबाइट स्मृतींसह अनुक्रमे ३७९ व ४२९ डॉलरांना आणि आरएक्स ९०६० एक्सटी अनुक्रमे २९९ व ३४९ डॉलरांना जाहीर झाले. दोन्हींत दुप्पट स्मृतीसाठी ५० डॉलर अधिक पडत. दीर्घकाळ वापरणाऱ्यास हा वाढीव खर्च बहुधा किफायतशीरच ठरावा. इंटेलने डिसेंबर २०२४ मध्ये १२ गिगॅबाइटचे आर्क बी५८० हे कार्ड २४९ डॉलरांना आणून स्पर्धेत भर घातली. मात्र जुन्या प्रोसेसरबरोबर त्याचा वेग अपेक्षेहून कमी पडतो, असे परीक्षणांत आढळले. कमी बिंदूंचे चित्र काढून ते आज्ञावलीने मोठे करण्याच्या तंत्रामुळे मध्यम कार्डांचे आयुष्य वाढले आहे. एनव्हिडियाचे असे डीएलएसएस तंत्र आरटीएक्स मालिकेपुरते मर्यादित आहे; एएमडीच्या एफएसआर तंत्राची २०२१ मधील पहिली आवृत्ती मात्र इतर कंपन्यांच्या जुन्या कार्डांवरही चालत असे. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणककेंद्रांकडून आलेल्या मागणीमुळे स्मृतीच्या चिपांचे भाव झपाट्याने चढले. स्मृती स्वस्त झाल्याने ज्या घरगुती कार्डांचा उदय झाला होता, त्यांच्या किंमतीवर तीस वर्षांनी स्मृतीनेच दाब आणला.

भारतीय ग्राहक : मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस इ. बाजारपेठांत ही कार्डे बहुतांशी आयात होऊन येतात. अमेरिकेतील जाहीर किंमतीत तेथील विक्रीकर धरलेला नसतो. येथील किंमतीत रुपयाचा विनिमय दर, वितरकांचा नफा व २०१७ पासून वस्तू व सेवा कर यांची भर पडते. म्हणून डॉलरमधील तुलना जशीच्या तशी येथे लागू होत नाही आणि परदेशी परीक्षणात मागे पडलेले कार्ड येथे स्वस्त पडल्याने अधिक किफायतशीर ठरू शकते. जुना कार्यालयीन संगणक घेऊन त्यात कार्ड बसविणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. मदरबोर्डावरील खाचेतून कार्डास जास्तीत जास्त ७५ वॉट वीज मिळते. त्याहून अधिक लागल्यास पॉवर सप्लायमधून वेगळी तार जोडावी लागते व प्रसंगी तो बदलावाही लागतो. २०१४ मधील जीटीएक्स ७५० टीआय हे १४९ डॉलरांचे कार्ड सु. ६० वॉटवर चालत असल्याने अशा संगणकांत लोकप्रिय झाले. वापरलेले कार्ड घेताना ते विक्रेत्यासमोर संगणकात बसवून, एखादा जड खेळ अर्धा तास चालवून, तापमान, पंख्यांचा आवाज व पडद्यावरील रंगीत ठिपके किंवा रेषा तपासाव्यात. उरलेल्या हमीचा कागद घ्यावा.

ज्या घरात संगणकासाठी एकदाच पैसे साठविले जातात व तोच चार-पाच वर्षे वापरावयाचा असतो, तेथे चुकीच्या निवडीची भरपाई लवकर होत नाही. अशा ग्राहकाने प्रथम आपला पडदा, प्रोसेसर व पॉवर सप्लाय पाहावा. नंतर आपण प्रत्यक्ष खेळतो त्या खेळांतील सरासरी व संथ फ्रेमची आकडेवारी पाहावी. स्मृतीचे प्रमाण व चिपचे खरे नाव तपासावे. आणि शेवटी त्या दिवशीच्या बाजारभावाने हिशेब करावा. मागील पिढीचे मधल्या श्रेणीतील कार्ड भाव उतरल्यावर घेणे हे अनेकदा सर्वांत हिताचे ठरलेले आहे. त्या वर्षी बाजारात टंचाई नसणे ही मात्र त्याची पूर्वअट होय.